लाकडी लूर: घाट कोणाचा, मुद्रा कोणाची?

वाचकांचे प्रश्न

गळाने मासे धरण्याचा नाद आपल्या भागात जुनाच आहे. हाताने कोरलेल्या लाकडी लूरचा, म्हणजे पाण्यात ओढला की जिवंत माशासारखा हलणाऱ्या कृत्रिम आमिषाचा, व्यवहार मात्र अलीकडचा आहे. खानापूर, बेळगाव, निपाणी, गोकाक या बाजूंना असे लूर करणारे लोक थोडे आहेत आणि बहुतेक एकमेकांना ओळखतात. त्यामुळे ‘त्याने माझे उचलले’ ही तक्रार इथे बाजारापुरती राहत नाही, ती ओळखीपाळखीत आणि नात्यागोत्यात शिरते. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

स. न. वि. वि. मी खानापूर तालुक्यातल्या एका गावात सुतारकाम करतो आणि जोडीला पांगाऱ्याच्या लाकडाचे लूर करून विकतो. मरळीसाठी मी एक आखूड, पोटाला फुगीर असा लूर बसवला आहे. काळी पाठ, पिवळसर पोट आणि कल्ल्यामागे तीन तिरप्या तांबड्या रेघा, ही माझ्या लूरची ओळख आहे. बेळगावच्या एका कारागिराने माझ्याकडून दोन लूर विकत नेले आणि काही महिन्यांनी अगदी तसाच लूर, तीन रेघांसकट, माझ्यापेक्षा कमी दराने विकायला सुरुवात केली. जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, ‘तू तरी कुठे पोटातून शिकून आलास? परदेशी लूरचे फोटो बघूनच केलास ना?’ त्याचे हे बोलणे खोटे म्हणता येत नाही, कारण माझी सुरुवात तशीच झाली. वडील म्हणतात, खाटेच्या पायाचा घाट कोणी उचलला म्हणून सुतार कधी भांडला नाही. मी गप्प बसावे का? कायद्याने काही करता येते का?

तुमच्या वडिलांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि तुमची तक्रार उरलेल्या अर्ध्यात आहे. ही दोन अर्धी एकमेकांपासून वेगळी केल्याशिवाय तुम्हाला न्याय मिळणार नाही, आणि त्या दुसऱ्या कारागिरालाही मिळणार नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी घाटाविषयी. छोटा मासा दिसतो कसा हे कोणी शोधून काढलेले नाही आणि पाणी लाकडाला कसे ढकलते यावरही कोणाची मालकी नाही. तळ्यातल्या गवताच्या कडेला दबा धरून बसलेल्या मरळीपुढे लूर खेळवायचा असेल, तर तो तरंगणारा, आखूड आणि चटकन वळणारा असावा लागतो. दोन कारागीर एकमेकांचे काम न पाहता कामाला बसले, तरी ते बऱ्याच अंशी सारख्याच घाटापाशी येऊन पोहोचतील. ज्या फिन्निश लूरवरून तुम्ही सुरुवात केली असण्याची शक्यता आहे, त्याचीही कहाणी हेच सांगते. लौरी रापाला हा फिनलंडमधला मच्छीमार होता. थव्यातला जो लहान मासा जखमी होऊन जरा तिरपा, अडखळत पोहतो, त्यालाच मोठा मासा आधी गाठतो, हे त्याने पाण्यावर पोट भरताना पाहिले होते. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडातून लूर कोरला, चकाकी यावी म्हणून त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि पाणी आत जाऊ नये म्हणून छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. पुढे बुचाची जागा बाल्सा लाकडाने घेतली. अमेरिकेतल्या ‘लाइफ’ साप्ताहिकाने ऑगस्ट १९६२ मध्ये त्यावर लेख छापल्यानंतर मागणी इतकी वाढली की सडपातळ, तरंगणाऱ्या लाकडी माशाचा तो घाट जगभर पसरला. रापालाने तो घाट माशाकडून घेतला आणि इतरांनी रापालाकडून. यातल्या पहिल्या घेण्याला आपण निरीक्षण म्हणतो आणि दुसऱ्याला सरसकट चोरी म्हणतो, हे मला पटत नाही. दुसऱ्यातही शिकणे असते.

तुमच्या लूरच्या जवळचे उदाहरण आणखी एक आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या टेनेसी राज्यात फ्रेड यंग नावाचा माणूस बाल्सा लाकडातून आखूड, गोलमटोल पोटाचा लूर हाताने कोरत असे. त्याला ‘बिग ओ’ म्हणत. हाताने केलेले नग थोडे आणि स्पर्धांत मासे धरणारे गिऱ्हाईक फार, त्यामुळे तो लूर दुर्मीळ झाला. काहींनी तर तो भाड्याने घेऊन वापरल्याचे सांगतात. पुढे कॉटन कॉर्डेल या उत्पादकाने यंगशी बोलणी करून तोच लूर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला प्लास्टिकमध्ये काढला आणि तो अफाट खपला. त्याच सुमारास इतर कारखान्यांनीही फुगीर पोटाचे लूर बाजारात आणले. कोणी त्याला ‘बिग एन’ नाव दिले, कोणी ‘बाल्सा बी’, आणि अशा अक्षरांच्या नावांच्या लूरची एक लाटच आली. या सगळ्यांनी यंगचा घाट घेतला. कॉर्डेलने मात्र आधी त्याच्याशी बोलून घेतला, आणि इतरांनी न विचारता घेतला तरी निदान आपापल्या नावाने विकला. न विचारता घेणाऱ्यांपैकी कोणी आपल्या लूरवर ‘बिग ओ’ असे लिहिल्याचे ऐकिवात नाही. तुमच्या बाबतीत जे घडले आहे ते या सगळ्यांहून वेगळे आहे, आणि तुमच्या तक्रारीचा गाभा तिथेच आहे.

त्यापूर्वी आतल्या तोलाबद्दल सांगायला हवे, कारण खरे कसब तिथेच आहे आणि तुमच्या मनातली अर्धी भीती तिथेच कमी होईल. लूरचे पोट गिरमिटाने भोकून आत शिसे बसवतात, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. किती बसवायचे आणि नेमके कुठे, हे मात्र त्या त्या ठोकळ्यावर ठरते. साग घनमीटरला सुमारे ६५० किलो भरतो. बाल्सा साधारण १०० ते २५० किलोंच्या दरम्यान कुठेही भरतो. पांगारा हलका खरा, पण एकाच खोडाच्या गाभ्याकडचा आणि सालीकडचा तुकडा सारख्या वजनाचा निघत नाही. साच्यातून पडलेल्या प्लास्टिकच्या हजार नगांचा तोल एकसारखा असतो, लाकडाच्या दोन नगांचाही नसतो. बादलीत सोडलेला कच्चा लूर शेपटी किंचित खाली करून, पाठ सरळ ठेवून तरंगतो की एका कुशीवर कलंडतो, हे पाहून जो माणूस शिशाचा तुकडा दोन दाण्यांनी पुढे सरकवतो, भोक बुजवतो आणि पुन्हा पाण्यात सोडतो, त्याच्या हाताला जे कळते ते त्या लूरचे दोन तुकडे करून पाहणाऱ्याला दिसत नाही. तुमचा लूर त्याने करवतीने चिरून पाहिला असेल, तरी त्याला एका ठोकळ्याचे उत्तर मिळाले असेल. पुढच्या ठोकळ्याला त्याला स्वतःच बादलीसमोर बसावे लागेल. आणि तो बसला, प्रत्येक नग असा जोखू लागला, तर त्याने मिळवलेला तोल त्याचाच आहे, तुमचा नाही. एवढे तुम्हाला मोकळ्या मनाने मान्य करावे लागेल.

आता त्या तीन रेघा. अभंगाचा छंद कोणाच्याही मालकीचा नाही. गावोगावच्या माणसांनी त्यात रचना केली आणि भजनाच्या चाली एका दिंडीतून दुसरीत गेल्या, त्यात कोणाला गैर वाटले नाही. पण शेवटच्या चरणात जी नाममुद्रा येते ती ज्याची त्याचीच असते, आणि दुसऱ्याने आपल्या रचनेत ‘तुका म्हणे’ घातले की संपादक तिला प्रक्षिप्त ठरवून बाजूला काढतात, मग ती रचना कितीही सुरस असो. तुमचा फुगीर घाट हा छंद आहे, तीन तांबड्या रेघा ही मुद्रा आहे. त्या रेघांनी लूर खोल जात नाही आणि मरळीलाही त्यांचे काही पडलेले नसावे. त्या गिऱ्हाइकासाठी आहेत. हा लूर खानापूरकडच्या त्या सुताराच्या हातचा आहे, एवढेच त्या सांगतात. त्या उचलून समोरच्याने तुमच्याबद्दलचा विश्वास आपल्या मालावर चिकटवला, आणि मालाची किंमत कमी ठेवून तो विश्वास स्वस्तही केला. हे अयोग्य आहे, आणि तुम्ही गप्प बसू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याच्या उलट प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. तुम्ही परदेशी फोटो पाहून घाट शिकलात, पण त्या कंपनीचे नाव किंवा तिची खूण तुमच्या लूरवर लावली नाहीत. सगळ्या धंद्याच्या सामाईक साठ्यातून घेणे आणि शेजाऱ्याचा चेहरा आपल्या मालाला लावणे यांत मोठा फरक आहे. तरीही एक गोष्ट तुमच्याकडून व्हावी असे मला वाटते. तुमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ‘फिन्निश पद्धतीच्या घाटावरून, पांगाऱ्यात’ असे शब्द छापा. आपण कोणाकडून शिकलो हे सांगणाऱ्या माणसाला ‘तू तरी कुठून आणलास’ असे कोणी विचारू शकत नाही.

कायद्याचे पाहू. लूरच्या बाह्य रूपाची नोंदणी डिझाइन कायदा, २००० खाली करता येते. नोंदणी पहिल्यांदा १० वर्षे टिकते आणि पुढे ५ वर्षे वाढवता येते, त्याहून जास्त नाही. अर्ज पेटंट कार्यालयाच्या कोलकात्यातील डिझाइन शाखेच्या कक्षेत येतो आणि आता घरबसल्याही करता येतो. पण अट अशी की ते रूप अर्ज करण्याआधी भारतात किंवा अन्यत्र कुठेही प्रसिद्ध झालेले नसावे. तुम्ही हा लूर उघड विकत आला आहात, त्यामुळे या लूरसाठी ते दार बहुधा बंद झाले आहे. पुढचा नवा घाट बसवाल तेव्हा पहिला नग विकण्याआधी आणि त्याचा फोटो कोणाच्याही फोनवर जाण्याआधी अर्ज करा. शिवाय जो भाग निव्वळ कार्यासाठी आहे, म्हणजे लूर ज्यामुळे पाण्यात जातो किंवा डुलतो, त्याला डिझाइनचे संरक्षण नाही. त्यासाठी पेटंट लागते, आणि खरोखर नवीन यंत्रणा असल्याशिवाय ते मिळत नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या कलम १५ कडेही लक्ष द्या. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगे रूप नोंदवले नाही आणि तशी वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा जास्त वेळा तयार केली, तर त्या रूपावरचा कॉपीराइट संपतो. हातकामाला ‘औद्योगिक प्रक्रिया’ म्हणायचे का, यावर वकील वाद घालू शकतील, पण त्या भरवशावर लहान कारागिराने कोर्टाची पायरी चढू नये.

तुमच्या उपयोगाचा कायदा व्यापारचिन्हांचा आहे. एखादे नाव किंवा छापा ठरवून तो व्यापारचिन्ह कायदा, १९९९ खाली नोंदवा. मासेमारीचे साहित्य २८व्या वर्गात येते, नोंदणी १० वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. न नोंदवलेल्या खुणेलाही काही संरक्षण असते, मात्र त्या तीन रेघा पाहून गिऱ्हाईक तुम्हालाच ओळखते हे दाखवावे लागते. म्हणून जुन्या बिलांच्या प्रती, तारखा असलेले फोटो आणि गिऱ्हाइकांचे निरोप जपून ठेवा.

पण हे सगळे करण्याआधी त्या माणसाला भेटा, शक्यतो दोघांच्याही ओळखीचा एखादा वडीलधारा बरोबर घेऊन. घाट वापरू नकोस असे म्हणू नका, तो आग्रह टिकणारा नाही. रेघा काढून टाक, स्वतःची खूण घाल, आणि आतापर्यंत विकलेला माल माझा नव्हता हे गिऱ्हाइकांना सांग, एवढे तीन शब्द ठामपणे मागा.

मी निपाणीला महाविद्यालयात शिकतो. सुट्टीत लाकडी लूर करायला लागलो आहे. एक जाणकार काका म्हणतात, दुसऱ्याचे बघून करशील तर तुझे स्वतःचे कधीच येणार नाही. दुसरे म्हणतात, आधी पन्नास नकला कर. कोणाचे ऐकू?

दुसऱ्या काकांचे ऐका, पण नक्कल कशी करायची हे आधी समजून घ्या. नुसते डोळ्यांनी पाहून केलेली नक्कल काही शिकवत नाही. एक चांगला लूर समोर ठेवा. पाठीकडून आणि कडेकडून दोन पुठ्ठ्याचे साचे कापा, वजन करा, पाण्यात तो किती बुडतो ती रेघ पेन्सिलीने खुणेने टिपून ठेवा. लाकडाची रेषा अंगाच्या लांबीबरोबर जाईल असा ठोकळा निवडा, नाहीतर शेपटीकडे तो चटकन तुटेल. पटाशीने मोठे काम आणि काचपेपरने बारीक काम करताना दर थोड्या वेळाने लूर तोंडाकडून पाहा. दोन्ही कुशी सारख्या नसतील तर तुमचा लूर पाण्यात सरळ येणार नाही. तोंडाखालची पट्टी, जिला सगळे लिप म्हणतात, ती नेमकी मध्यरेषेवर बसली पाहिजे. एवढे करूनही पहिला लूर बहुधा एका बाजूला पळेल. तेव्हा तंगूस बांधायची कडी पक्कडीने, तो ज्या बाजूला पळतो तिच्या उलट बाजूला, केसभर वाकवायची आणि पुन्हा ओढून पाहायचे. हे हाताला बसले की मग एकेक गोष्ट बदलायला लागा, आणि एका वेळी एकच बदला. लिप लांब आणि अंगाच्या रेषेत आडवी ठेवली की लूर खोल जातो. आखूड आणि उभी ठेवली की वरच्या पाण्यात राहून जास्त डोलतो. कुशी चपट्या केल्या की डुलणे आखूड आणि वेगवान होते. या बदलांतून जे निघेल ते तुमचे असेल, आणि मूळ नमुना नीट आत्मसात केल्याशिवाय कोणता बदल कशामुळे झाला हे तुम्हाला कळणारही नाही.

काही युक्त्यांवर एकेकाळी खरोखर मालकी होती, पण आता नाही. अमेरिकेच्या क्रीक चब कंपनीने लूरला जी धातूची लिप बसवली तिचे पेटंट ७ सप्टेंबर १९२० चे आहे, आणि ती तारीख त्यांच्या जुन्या लूरच्या लिपवर ठोकलेली आढळते. अंगावर जाळीचे कापड ताणून वरून रंग फवारला की खवले उमटतात, ही आज प्रत्येक जण सहज वापरतो ती युक्तीही त्याच कंपनीने पेटंट करून घेतलेली होती. पेटंटची मुदत ठरावीक असते, आणि भारतात ती आज २० वर्षांची आहे. मुदत संपल्यावर ते ज्ञान सर्वांचे व्हावे म्हणूनच तर शोधकाकडून सगळा तपशील लिहून घेतला जातो. तेव्हा या युक्त्या बिनदिक्कत वापरा.

शिकण्यासाठी केलेले नग मित्रांना द्या किंवा स्वतः वापरा. विकायचेच असतील तर ते कोणाच्या लूरवरून केले आहेत हे घेणाऱ्याला आधी सांगा. आणि तो कारागीर हयात असेल, आपल्याच भागातला असेल, तर त्याला एक नग नेऊन दाखवा. बहुतेक जण रागावत नाहीत, चूक कुठे आहे ते दाखवतात.

ताई/दादा, आमचे घर गोकाकचे, लाकडी फळे-भाज्या आणि खेळणी रंगवणाऱ्यांचे. मी गेल्या काही वर्षांपासून बेळगावच्या एका लूर करणाऱ्यासाठी नगावर रंगकाम करते. त्याचे लूर आता लोक रंगावरून ओळखतात, ‘ते डोळे असलेले द्या’ म्हणून मागतात. पण लूरच्या पोटावर नाव त्याचेच असते. मी विचारले तर म्हणाला, कोरतो मी, रंग काय कोणीही देईल. डोळे काढायची ती पद्धत माझ्या सासूबाईंची आहे. माझे नाव मागणे चुकीचे आहे का?

ताई, अजिबात चुकीचे नाही, आणि तुम्ही ते इतके दिवस मागितले नाही याचेच वाईट वाटते.

गोकाकच्या कामाची खासियत मुळातच नकलेची आहे: लाकडाचा आंबा ताटात ठेवला तर हात पुढे व्हावा, इतका तो खरा दिसतो. निसर्गाची अशी नक्कल ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केली, त्यांच्या हातात माशाच्या पाठीवरचा काळा रंग पोटाकडे उतरताना कुठे विरघळतो, हे पकडण्याची नजर असणारच. ‘रंग काय कोणीही देईल’ असे म्हणणाऱ्याने एकदा एकाच घाटाचे दोन लूर, एक तुमच्या हातचा आणि एक कोणाच्याही हातचा, गिऱ्हाइकापुढे ठेवून पाहावे. गिऱ्हाईक ‘ते डोळे असलेले’ मागते तेव्हा ते तुमचे काम मागते.

डोळ्यांच्या पद्धतीविषयी मात्र नीट वेगळे करून पाहा. बाहुलीभोवती पिवळी कडा, वर एक पांढरा ठिपका, अशी मांडणी तुमच्या गल्लीतल्या इतर घरांतही असेल, तर ती परंपरेची आहे. तिच्यावर तुम्ही किंवा सासूबाईंनी एकट्याने हक्क सांगू नये, आणि उद्या दुसऱ्या घरातली सून तसेच डोळे काढू लागली तर तिला अडवूही नये. तुमचा हक्क आहे तो तुम्ही रंगवलेल्या त्या त्या नगावर. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कलाकृतीच्या कर्त्याला तिचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क आहे, आणि आर्थिक हक्क दुसऱ्याला दिले तरी हा हक्क उरतो. लूरवरचे रंगकाम या व्याख्येत बसवायचे झाले तर कोर्टात किती काथ्याकूट होईल, तो भाग सोडा. कायद्यामागची भूमिका तुमच्या बाजूची आहे, आणि बोलणी करताना ती आधाराला घ्या.

प्रत्यक्षात काय मागायचे? पोटावर दोन खुणा असाव्यात, कोरणाऱ्याची आणि रंगवणाऱ्याची. तुमची खूण म्हणजे आद्याक्षर किंवा एखादी बारीक आकृती चालेल, पण शेवटच्या पारदर्शक लेपाच्या आत असावी, म्हणजे ती पुसून टाकता येणार नाही. नगाच्या दराखेरीज नवी रंगसंगती बसवण्याचे वेगळे पैसे ठरवा, कारण पहिला नमुना बसवायला जे डोके आणि जो वेळ लागतो तो पुढच्या नगांच्या मजुरीत धरलेला नसतो. ठरले ते कागदावर घ्या, मराठीत किंवा कन्नडमध्ये, दोघांनाही वाचता येईल अशा भाषेत. त्याने नकारच दिला, तर रंगवण्यासाठी दुसरे कोरणारे आता या भागात आहेत, आणि तुमचे डोळे गिऱ्हाइकाने आधीच ओळखले आहेत.

हाताने केलेला म्हणून घेतलेला लूर यंत्रावर कापलेला निघाला असे मला वाटते. कसे ओळखावे? (शहापूर, बेळगाव)

केवळ पाहून खात्री होत नाही. उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये सीएनसी यंत्रावर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापणी यंत्रावर, लाकडाचे अंग कापून घेणे आज अवघड नाही, आणि अंग यंत्राने कापून तोल, लेप आणि रंग हाताने करणारा कारागीर प्रामाणिकच आहे, जर त्याने तसे सांगितले असेल तर. दहा नग एकत्र ठेवता आले तर पाहा: अगदी मिळतेजुळते अंग आणि एकाच जागी, एकाच मापाचे शिशाचे भोक सगळ्यांत असेल, तर अंग यंत्रावरचे आहे आणि तोल प्रत्येकाचा स्वतंत्र साधलेला नाही असे समजायला हरकत नाही. त्यापेक्षा विकणाऱ्याला सरळ विचारावे: अंग कोणी कापले, घाट कोणावरून घेतला, आणि हा नग पाण्यात ओढून पाहिला आहे का. तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो त्याच्याकडून घेऊ नका, बाकी दोन उत्तरे काहीही असोत.

माझे चिकोडीला मासेमारीच्या साहित्याचे दुकान आहे. गावातल्या पोराने केलेले लाकडी लूर मी ठेवतो. गिऱ्हाइकाला पटकन कळावे म्हणून फलकावर प्रसिद्ध परदेशी कंपनीचे नाव लिहून पुढे ‘टाइप’ असे लिहिले आहे. एकाने हरकत घेतली. घाट तसाच आहे, मग नाव लिहिले तर बिघडले कुठे?

घाट घेण्याला मुभा असली तरी नाव घेण्याला नाही, आणि पुढे ‘टाइप’ लिहिल्याने त्यात फरक पडत नाही. नोंदवलेल्या व्यापारचिन्हाच्या आधाराने आपला माल खपवणे तुम्हाला अडचणीत आणू शकते, आणि त्या पोराचेही यात नुकसान आहे, कारण त्याच्या कामाला कायम दुसऱ्याच्या नावाने हाक मारली जाईल.

हा भेद आपल्या भागाला कोल्हापुरी चपलेच्या निमित्ताने जवळून कळला आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी आहे, आणि त्यात बेळगावही आहे. ते मानांकन प्रामुख्याने नावाला संरक्षण देते. तशा पट्ट्यांची चप्पल बाहेर कोणी शिवली, तरी तिला भारतात ‘कोल्हापुरी’ म्हणून विकता येत नाही. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच बांधणीच्या चपला कोणताही उल्लेख न करता दाखवल्या, तेव्हा आपल्याकडच्या लोकांना राग आला तो घाट घेतल्याचा कमी आणि मूळ न सांगितल्याचा जास्त होता. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय चपलेची प्रेरणा मान्य केली. अथणी, निपाणीकडच्या कारागिरांसाठी आपण जे मागितले, तेच त्या परदेशी लूर कंपनीलाही लागू होते.

तेव्हा फलक बदला. त्यावर त्या मुलाचे नाव आणि गाव लिहा, खाली लाकूड कोणते, लूर तरंगणारा की बुडणारा, किती हात खोल जातो आणि कोणत्या माशासाठी आहे, एवढे लिहा. गिऱ्हाइकाला पटकन कळायला हवे ते हेच असते. कोणी तोंडी विचारले की हा कोणासारखा आहे, तर खुशाल सांगा.